शेऱ्याचा रकाना

बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या लेखनाची यादी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी ती वाचली नाही, मोजली. सवयच तशी लागलेली. तीस वर्षे महाविद्यालयात अनुवंशशास्त्र शिकवले, त्यातली शेवटची दहाबारा वर्षे निवडसमित्यांवरही गेली. समोर फाइल आली की हात आपोआप शेवटच्या पानांकडे वळतो: पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. तसाच याही यादीवरून बोट फिरवत खाली उतरत गेलो. १९२९, १९३१, १९३४, १९४१, १९४५, १९५०, १९५१, १९५३. तिथे बोट अडखळले. यादी पुढे चालूच राहते, पण नामांकित नियतकालिके जवळपास दिसेनाशी होतात. वर्षामागून वर्ष एकच नाव येत राहते, 'कार्नेगी इन्स्टिट्यूशन ऑफ वॉशिंग्टन इयर बुक'. म्हणजे बाई ज्या संस्थेच्या पगारावर होत्या तिचाच वार्षिक अहवाल.

आमच्या एखाद्या समितीपुढे असा उमेदवार आला असता, तर 'पन्नाशीनंतर काम थंडावलेले दिसते' असा शेरा पडून फाइल मिटली असती. खरे सांगायचे तर तो शेरा बहुधा मीच मारला असता.

हे पुस्तक त्या न मारलेल्या शेऱ्यातून निघाले आहे. एका संशोधिकेच्या लेखनयादीवर अख्खे पुस्तक कशाला, असे मित्रांनी विचारले. चरित्र लिही, शोध समजावून सांग, यादी कोण वाचणार? चरित्रे इंग्रजीत आहेत आणि चांगली आहेत. मला कुतूहल होते ते वेगळ्याच गोष्टीचे. एक शास्त्रज्ञ काय छापते, कुठे छापते, कधी छापायचे थांबते. मग दुसरे कोणी तिचे नाव आपल्या पेपरात घेतात, कशासाठी घेतात आणि कशासाठी मुद्दाम घेत नाहीत, या व्यवहाराचे. अनुवंशशास्त्रात हा व्यवहार जितका विलक्षण घडला तितका मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात आढळला नाही. त्यात भर म्हणजे उल्लेख मोजण्याचे यंत्रच मुळात याच शास्त्राच्या अंगणात पहिल्यांदा चालवून पाहिले गेले. त्याकडे पुढे येतोच.

आधी मका, बाईंच्या कामाचे पीक. मक्याच्या कणसावरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असते. एकाच कणसावर शेकडो भावंडे ओळीने बसलेली, कोणाचा रंग जांभळा, कोणाचा पिवळा, कोणी सुरकुतलेले. फळमाशीचे डोळे पाहायला भिंग लागते, मक्याला साधी नजर पुरते. पण माशीची पिढी दहाबारा दिवसांत उरकते आणि मक्याचे पीक थंड मुलखात वर्षाला एकदाच येते. एक प्रयोग फसला, तर पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत वाट पाहायची. लेखनयादी वाचताना ही गोष्ट मी सारखी मनाशी ठेवली. ज्या विषयात वर्षाला तीसेक पिढ्या हाताखालून जातात, तिथे माणसे जास्त, पेपर जास्त आणि साहजिकच एकमेकांचे उल्लेखही जास्त. मक्याच्या शेतात माणसे मोजकी, आणि हंगाम पावसाच्या आणि थंडीच्या मर्जीवर.

१९३१ चा पेपर हॅरिएट क्रेटन या विद्यार्थिनीबरोबरचा. मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला ठळक गाठ आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा जोडलेला तुकडा, असे एक वाण दोघींनी हाताशी धरले. दोन्ही टोके सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत होती. दाण्यांच्या गुणांची जिथे अदलाबदल झाली होती, तिथे गुणसूत्रांच्या तुकड्यांचीही अदलाबदल झालेली त्यांना डोळ्यांनी दिसली. तोवर जे गणिताने अनुमानलेले होते ते आता पाहता येऊ लागले. फळमाशीच्या अनुवंशशास्त्रातले दिग्गज थॉमस हंट मॉर्गन तेव्हा कॉर्नेलला आले होते. आणखी एका पिकाची वाट न पाहता लगेच छापा, असा आग्रह त्यांनी धरला. काही आठवड्यांतच कर्ट स्टर्न यांनी माशीवर तेच सिद्ध केलेले प्रसिद्ध झाले. मॉर्गन गप्प बसले असते तर यादीतली ही ओळ 'दुसऱ्या'ची ठरली असती, आणि पुढची नव्वद वर्षे उल्लेखाच्या वेळी स्टर्न आधी, या दोघी नंतर असा क्रम लागला असता. काम तेच, दाणे तेच. केवळ एका वडीलधाऱ्या माणसाच्या घाईने हिशेब बदलला.

१९४४ मध्ये बाई अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या, त्या मानाच्या तिसऱ्याच स्त्री. पुढच्या वर्षी जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकेच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा उपेक्षित, कोपऱ्यातली, वेडी ठरवलेली बाई असे जे चित्र पुढे रंगवले गेले, ते निदान या टप्प्यावर तरी साफ चुकीचे आहे. त्या आपल्या शास्त्राच्या माथ्यावर होत्या. त्याच सुमारास लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या शेतात त्यांना ठिपक्यांचे दाणे भेटले.

गोष्ट सांगायला सोपी, पटवायला महाकठीण. दाण्याला रंग देणारे एक जनुक आहे. त्याच्या जागी गुणसूत्राचा एक घटक येऊन बसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो घटक उठून गेला, तर त्या पेशीच्या वंशात रंग परततो आणि दाण्यावर ठिपका उमटतो. घटक लवकर उठला तर पुढची वंशवेल मोठी, म्हणून ठिपका मोठा. उशिरा उठला तर ठिपका टिकलीएवढा. या उठणाऱ्या घटकाला बाईंनी डिसोसिएशन म्हटले, आणि त्याला उठवणाऱ्या दुसऱ्या घटकाला ॲक्टिव्हेटर. हा दुसराही स्वतः जागा बदलतो. त्याची मात्रा वाढवली तर ठिपके मोठे व्हायला हवेत असे आपल्याला वाटेल. होते उलटे. मात्रा वाढली की घटक उशिरा उठतो आणि ठिपके बारीक होतात. म्हणजे दाण्यावरचा प्रत्येक ठिपका हे घड्याळ आहे, आणि बाई कणीस हातात घेऊन ते घड्याळ वाचत होत्या.

१९५० मध्ये हे 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस'मध्ये थोडक्यात आले, १९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात विस्ताराने, १९५३ मध्ये 'जेनेटिक्स'मध्ये आकडेवारीसह. त्या काळी झेरॉक्स नव्हते. कोणाला पेपर हवा असला की तो लेखकाला पोस्टकार्ड टाकून छापील प्रत मागवी. आमच्या पिढीनेही अशी कार्डे पाठवली आहेत आणि त्यांच्या उत्तरांची वाट पाहत पोस्टमनकडे डोळे लावले आहेत. १९५३ च्या पेपरासाठी बाईंकडे अशी कार्डे फारच थोडी आली. त्यांनी त्यातून जे समजायचे ते समजून घेतले. पुढचा मजकूर बव्हंशी वार्षिक अहवालात जाऊ लागला.

इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते, आणि ती इथेच सोडून लोक उपेक्षेचा अध्याय सुरू करतात. मला ती पुढे वाचावी लागली, आणि तेव्हा माझाच उत्साह थोडा उतरला. मक्यावर काम करणाऱ्या मंडळींनी बाईंना मुळीच दुर्लक्षिले नव्हते. विस्कॉन्सिनला अलेक्झांडर ब्रिंक यांनी तशाच फिरत्या घटकावर काम केले, पीटर पीटरसन यांना आणखी एक गट सापडला. घटक जागा बदलतात हे मक्यावाल्यांनी पन्नाशीच्या दशकातच मान्य केले होते. मान्य नव्हते ते दुसरेच. बाईंचे म्हणणे होते की हे घटक नियंत्रक आहेत, रोप वाढत असताना कोणते जनुक केव्हा बोलेल आणि केव्हा गप्प बसेल हे तेच ठरवतात. त्यांच्या दृष्टीने उड्या मारणे हे गौण, नियंत्रण हा गाभा. इतिहासकार नॅथॅनिअल कम्फर्ट यांनी २००१ च्या पुस्तकात हा भेद कागदपत्रांनिशी मांडला आणि मला तो पटतो.

मग उल्लेख कमी का दिसतात? एक कारण तर अगदीच साधे. मक्याच्या संशोधकांचे एक वार्षिक पत्रक होते, 'मेझ जेनेटिक्स कोऑपरेशन न्यूज लेटर'. कॉर्नेलच्या रॉलिन्स इमर्सन यांच्या भोवतीच्या मंडळींनी १९३० च्या आसपास सुरू केलेले. त्यात सगळे आपापले अर्धवट निष्कर्ष, बियाण्यांच्या याद्या, नव्या खुणा मोकळेपणाने टाकत. आणि पत्रकावर अट असे, की यातली माहिती लेखकाच्या संमतीवाचून प्रसिद्ध लेखनात वापरू नये. म्हणजे या बिरादरीचे निम्मे संभाषण उल्लेखण्याची मनाई असलेल्या कागदावर चालत असे! विश्वासाने चालणारा व्यवहार होता तो. आज कोणी त्या काळाचे सायटेशन मोजायला बसला तर हातात काय येणार? देवळाच्या दानपेटीतले पैसे मोजून गावाची श्रद्धा मापण्यासारखे ते.

१९६१ मध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी जिवाणूंत जनुकांचे नियंत्रण कसे होते हे दाखवले. बाईंनी त्याच वर्षी 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मध्ये मका आणि जिवाणू यांतले साम्य मांडले. माझे काम तुम्ही आता ओळखा, असे त्या जणू सांगत होत्या. साठीच्या दशकाच्या शेवटी जिवाणूंतच जागा बदलणारे डीएनएचे तुकडे सापडले, सत्तरच्या दशकात ते जिथे तिथे सापडू लागले, आणि मागे मागे बोट दाखवत सगळे मक्याच्या शेताशी पोचले. १९८३ मध्ये नोबेल आले, एकटीला, वयाच्या ८१ व्या वर्षी. ते मिळाले फिरत्या घटकांसाठी. ज्याला त्या स्वतः गाभा मानत होत्या त्याचा मानपत्रात मोठासा वाटा नव्हता. १९८४ मध्ये 'सायन्स'ने छापलेले त्यांचे नोबेल भाषण आता त्यांच्या सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या लेखनात मोडते. त्यात नवा प्रयोग जवळजवळ नाही. संकटात सापडलेली पेशी आपल्या जनुकसंचाची फेरमांडणी करते, ही त्यातली कल्पना हजारोंना उपयोगी पडली. माणसाच्या जनुकसंचाचा ४५ टक्क्यांच्या आसपास आणि मक्याच्या जनुकसंचाचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग अशा फिरत्या घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे हे कळल्यावर तर त्या भाषणाला पंखच फुटले.

उल्लेख करणारा कशासाठी उल्लेख करतो हे लेखकाच्या हाती नसते. या पुस्तकात मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे या वाक्यात आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी यंत्राकडे वळतो. युजीन गारफिल्ड हा न्यूयॉर्कचा मनुष्य रसायनशास्त्र शिकलेला, पण रमला तो ग्रंथसूचीत. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचीवर काम करताना त्याला एका निवृत्त गृहस्थांचे पत्र आले. ते गृहस्थ वकिलांच्या एका सूचीचे काम पाहिलेले. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांनी चालवलेली ती सूची. न्यायालयाचा एखादा निकाल पुढे कोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, कोणत्या खटल्यात उलटवला गेला, हे सांगणाऱ्या गोंदाच्या चिठ्ठ्या. वकील त्या आपल्या निकालपत्रांच्या पुस्तकांत समासावर चिकटवत. जो निकाल वरच्या कोर्टाने फिरवला आहे तो न्यायाधीशापुढे ठेवून तोंडघशी पडू नये म्हणून.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावायला मला सातबाऱ्याइतका चांगला दाखला सापडत नाही. उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. त्यावरून गावनमुना सहाच्या वहीत जायचे, तिथे जमीन कोणाकडून कोणाकडे, वारसाने की खरेदीने, हे कळते. मग आणखी मागचा फेरफार, आणखी मागचा. महसुली इंग्रजीत फेरफाराला 'म्यूटेशन' म्हणतात. अनुवंशशास्त्राच्या मास्तराला त्याची गंमत वाटली नाही तरच नवल. गारफिल्डला शास्त्रीय वाङ्मयासाठी अशीच वही हवी होती. १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्याने तिचा आराखडा मांडला. हेतू सरळ होता. जुन्या पेपरावर पुढे कोणी काय म्हटले ते सापडावे, चुकीचे ठरलेले निष्कर्ष कोणी नकळत आधाराला घेऊ नयेत.

चार वर्षे फारसे काही घडले नाही. १९५९ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याला पत्र लिहून विचारले, त्या कल्पनेचे पुढे काय झाले? लेडरबर्ग जिवाणूंच्या अनुवंशशास्त्रातले, आदल्याच वर्षी ३३ व्या वर्षी नोबेल मिळवलेले. त्यांना स्वतःच्या विषयात वाट शोधायला असे काही हवे होते. या पत्राने गाडे हलले, सरकारी अनुदान मिळाले, आणि प्रयोगासाठी विषय निवडला गेला तो अनुवंशशास्त्र. १९६३ मध्ये 'जेनेटिक्स सायटेशन इंडेक्स' छापून निघाली. पाठोपाठ सगळ्या विज्ञानाची सूची आली, १९६१ सालची ६१३ नियतकालिके आणि त्यांतले १४ लाख उल्लेख. आज गूगल स्कॉलरवर आपले नाव टाकून रात्री झोपण्यापूर्वी आकडा पाहणारा प्राध्यापक त्याच रोपाची फांदी आहे.

एक गोष्ट मात्र वाटेत गळली. शेपर्डच्या चिठ्ठीवर शेरा असे: उचलून धरला, वेगळा ठरवला, फिरवला. विज्ञानाच्या सूचीत तो शेरा छापणे शक्य नव्हते. १४ लाख उल्लेख वाचून प्रत्येकाला शेरा कोण देणार? उरली ती फक्त नोंद, की अमुकाने तमुकाचे नाव घेतले. नाव स्तुतीने घेतले, खोडून काढायला घेतले, की संपादकाला बरे वाटावे म्हणून शेवटच्या क्षणी घुसडले, सगळ्यांची किंमत एक. शेरा गेला आणि नोंदी मोजता येऊ लागल्या. मोजता येऊ लागल्या म्हटल्यावर मोजणारे आलेच. नियतकालिकाच्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात ते सांगणारे इम्पॅक्ट फॅक्टर गारफिल्डच्याच संस्थेतून निघाले, आणि ते माणसांना लावू नका असे तो नंतर सांगत राहिला. २००५ मध्ये होर्हे हर्श या पदार्थवैज्ञानिकाने एच-इंडेक्स काढला. तुमचे वीस पेपर प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखले गेले असतील तर तुमचा एच वीस. एका आकड्यात माणूस. समित्यांचे काम हलके झाले, हे मी नाकारत नाही. दुपारच्या जेवणाआधी चाळीस फाइली उरकत.

हा आकडा ग्रेगोर मेंडेलला लावून पाहावा. वनस्पतींच्या संकरावर त्याचे छापील पेपर दोन, १८६६ चा वाटाण्यावरचा आणि १८७० चा हॉकवीड या रोपावरचा. बाकीची किरकोळ टिपणे कीटकांवरची आणि मग हवामानावरची. १८७० च्या ऑक्टोबरात ब्र्यून शहरावरून गेलेल्या चक्रवातावरही त्याने लिहिले. एच-इंडेक्स पेपरांच्या संख्येहून मोठा होऊच शकत नाही. म्हणून अनुवंशशास्त्रातल्या लेखनावर मेंडेलचा एच जास्तीत जास्त दोन, मग जगाने वाटाण्याचा पेपर लाख वेळा का उल्लेखेना.

त्या पेपराची कहाणी शाळेत शिकवतात तितकी अंधारीही नाही. तो १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्र्यूनच्या निसर्ग अभ्यासमंडळात वाचला गेला, पुढच्या वर्षी मंडळाच्या कार्यवृत्तात छापला. ते वृत्त शंभराहून जास्त संस्थांकडे जात असे. मेंडेलने ४० प्रती काढून घेतल्या आणि काही नावाजलेल्यांना पाठवल्या. कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाशी सात वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि त्यात भर हॉकवीडवर होता. हॉकवीडचे बी पुष्कळदा संकराविनाच तयार होते हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, त्यामुळे वाटाण्याचे नियम तिथे जुळेनात. १९०० पर्यंत त्याचे छापील उल्लेख मोजायला दोन्ही हातांची बोटे जवळपास पुरतात. त्यातला एक विल्हेल्म फोके यांच्या १८८१ च्या संकरविषयक ग्रंथातला. मेंडेलला स्थिर प्रमाणे सापडल्याचे वाटले, एवढेच फोके सांगतात. डार्विनकडे तो ग्रंथ होता. त्यातली मेंडेलविषयीची पाने न कापलेली राहिली.

लायडनचे अँथनी व्हान रान अशा लेखांना झोपलेल्या राजकन्या म्हणतात. मला त्यापेक्षा मुचुकुंद आठवतो. गुहेत युगानुयुगे झोपलेला, आणि कोणीतरी लाथ मारून उठवल्यावर डोळे उघडताच समोरच्याला भस्म करणारा. १९०० मध्ये ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेरमाक हे तीन वनस्पतिशास्त्रज्ञ मेंडेलच्याच नियमांपाशी, म्हणजे त्या गुहेपाशी, पोचले. द व्ह्रीसने फ्रेंचमधल्या आपल्या टिपणात मेंडेलचे नावच घेतले नाही. ते वाचून कोरेन्सने तातडीने लिहिले, आणि श्रेय मेंडेलच्या नावावर जाहीर करून टाकले. त्यात मेंडेलवरचे प्रेम किती आणि द व्ह्रीसला पहिला होऊ न देणे किती, याचा निवाडा मी वाचकावर सोडतो. द व्ह्रीस भस्म झाला नाही, पण श्रेय झाले.

उल्लेख न होण्याचे विस्मृतीच्या नेमके उलट कारणही असते, आणि त्याचा नमुना आपल्या दारातला आहे. मुंबईत काही रक्तांचे नमुने कशाशीच जुळेनात. ओ गटाचे रक्तदेखील त्यांना चालेना. १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये य. मा. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले त्यांचे सहकारी यांचा दोन पानी पेपर आला. ओ गटाच्या माणसांतही असणारा एच हा पायाभूत घटक या माणसांच्या रक्तपेशींवर नव्हता. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव जगभर पडले. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, रक्ताचे बदलले नाही. एका जनुकाने दुसऱ्याचे काम झाकावे याचे उदाहरण म्हणून तो गट अनुवंशशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. पण तो समजावताना भेंडे यांचे नाव किती शिक्षक घेतात? मी स्वतः वीस वर्षे घेतले नव्हते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिले आहे, ज्ञानात मिसळून पुसले जाणे. मुरलेल्या लोणच्यातल्या मिठासारखे. मीठ कुठे आहे म्हणून कोणी शोधत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा पेपर. २०१४ मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक उल्लेखांची यादी केली तेव्हा तो तीन लाखांहून अधिक उल्लेखांनिशी पहिला होता. पहिल्या शंभरांत शिरायला बारा हजारांवर उल्लेख लागत होते आणि शोधांपेक्षा हत्यारेच त्यात जास्त भरली होती: मोजण्याच्या पद्धती, संगणकाचे प्रोग्राम, वंशवृक्ष रेखाटण्याच्या कृती. साहजिक आहे. घर बांधणारा गवंडी ओळंब्याचा पत्ता रोज विचारतो, ताजमहालाचा वर्षातून एकदा. आणि लेखक तरी एकटा कुठे उरला आहे? २०१५ मध्ये फळमाशीच्या एका गुणसूत्रावरच्या पेपराला १,०१४ लेखक होते, त्यांतले नऊशेहून अधिक पदवीचे विद्यार्थी. त्यावरून वाद झाला. मला मात्र त्या पोरांचा हेवा वाटला. आमच्या प्रयोगशाळेत त्या वयात आम्ही कांद्याच्या मुळांचे कापे रंगवत होतो, तेही पुस्तकात दिले आहे तसेच दिसले पाहिजेत या धाकाखाली.

आपल्याकडचा अध्याय मी लहान ठेवला आहे, कारण तो वाचकाला पाठ आहे. २०१० च्या नियमांनी यूजीसीने शिक्षकांना गुणांक लावले, पेपरांना गुण मिळू लागले, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. २०१८ मध्ये पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मान्यताप्राप्त यादी तपासली आणि तिच्यातला कचरा चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर नावे यादीतून काढली. नंतरची नवी यादीही पुण्यातूनच चालवली गेली आणि २०२५ मध्ये गुंडाळली गेली. या सगळ्यात मला आठवतो तो एका मुलाखतीतला तरुण. गवारीच्या वाणांवर त्याने सहा हंगाम शेतात घालवले होते, पेपर एकच, तोही विद्यापीठाच्या पत्रिकेत. त्याच्या हाताला मातीच्या रेघा होत्या. निवड दुसऱ्याची झाली, त्याच्याकडे बावीस पेपर होते. नियमाने पाहता आम्ही काही चुकलो नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. मॅक्लिंटॉकबाईंचे लेखन कालक्रमाने घेतले आहे, पण सगळ्याला सारखी जागा दिलेली नाही. १९४५ च्या बुरशीच्या गुणसूत्रांवरच्या पेपराला दोन पाने, १९५० ते १९५३ ला सत्तर. वार्षिक अहवालांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते कंटाळवाणे वाटेल. कणसामागून कणीस, ठिपक्यामागून ठिपका. ते तसेच ठेवले आहे. लॅटिन अमेरिकेतल्या मक्याच्या वाणांचे जे काम त्यांनी पन्नाशीच्या दशकात हाती घेतले आणि जे १९८१ मध्ये मेक्सिकोतून दोन सहकाऱ्यांसह ग्रंथरूपाने आले, ते फिरत्या घटकांच्या गाजावाजात मागे पडते. त्याला शेवटचे प्रकरण दिले आहे. मक्याच्या दाण्यांची चित्रे रंगीत छापावी लागली, त्यामुळे किंमत वाढली आहे. प्रकाशकांचा दोष नाही.

परिशिष्टात बाईंच्या लेखनाची यादी आहे. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक पेपरापुढे उल्लेखसंख्येचा रकाना होता, तो आखायला मला चार महिने लागले होते. मुद्रिते तपासताना तो काढून टाकला आणि त्या जागी शेऱ्याचा रकाना घातला: कोणी, कोणत्या बाजूने, कशासाठी नाव घेतले. बऱ्याच ओळींपुढे शेरे लिहून झाले आहेत. १९५३ च्या ओळीपुढची जागा दोनदा लिहून खोडली, आणि पुस्तक छपाईला जाताना ती रिकामीच आहे.